शाळेंतील नर्स आणि सरकारी आरोग्यविमा

विद्येचीं साधनें कोणतीं असें विचारलें तर पुस्तक, पाटी, फळा आणि गुरुजी एवढीं आपण चटकन सांगतों. परंतु फळ्यावरील अक्षर दिसण्यास डोळे लागतात, गुरुजींचा शब्द ऐकूं येण्यास कान लागतात, आणि चार-पांच तास एका जागीं चित्त ठेवून बसण्यास दुखण्यापासून मोकळें असें शरीर लागतें, हें आपण सहसा हिशेबांत धरीत नाहीं. ज्या मुलास दूरचें दिसत नाहीं तें पुष्कळदां 'ढ' ठरतें. ज्यास कमी ऐकूं येतें तें 'हट्टी' ठरतें. आणि ज्याची दाढ रात्रभर ठणकते तें 'आळशी' ठरतें. म्हणून शाळेंत शिक्षकाच्या जोडीला शुश्रूषेची विद्या जाणणारें कोणीतरी माणूस असावें, ही कल्पना सव्वाशें वर्षांपूर्वीं अनेक देशांत रुजूं लागली.

असें माणूस ठेवावयाचें तर त्याचा पगार कोणीं द्यावयाचा? हा प्रश्न दिसण्यांत लहान, पण परिणामानें मोठा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचें उत्तर मोठ्या चमत्कारिक रीतीनें दिलें गेलें आहे. तेथील शाळांतून काम करणाऱ्या नर्सा, तोतऱ्या मुलांस बोलण्यास शिकविणारे तज्ज्ञ, मुलांच्या मनाचीं दुखणीं जाणणारे सल्लागार, यांच्या पगाराचा कांहीं भाग शिक्षणखात्याकडून न येतां गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यांतून येतो. त्यामुळें विम्याच्या रकमेस कात्री लागली कीं तिचें टोंक शाळेपर्यंत जाऊन पोंचतें. तें कसें पोंचतें, आणि अखेरीस कोणत्या मुलास लागतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उलगडून सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नर्सची हकीकत. न्यूयॉर्क शहरानें इ. स. १८९७ मध्यें शाळांतून डॉक्टर पाठविण्यास आरंभ केला. डॉक्टरांचें काम एकच होतें: स्पर्शानें पसरणारा रोग झालेलें मूल हुडकून काढावयाचें आणि त्यास घरीं पाठवावयाचें. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा अशा दुखण्यांसाठीं मुलें वर्गांतून उठूं लागलीं. वर्ग निर्दोष झाले खरे, पण ओस पडूं लागले. घरीं गेलेल्या मुलास औषध लावणारें कोणी नव्हतें. त्या वस्त्या परदेशांतून नुकत्याच आलेल्या मजुरांच्या. आईबाप दिवसभर कामावर. शाळेनें दिलेल्या चिठ्ठींतील इंग्रजी अनेकांस वाचतां येत नसे. मूल गल्लींत खेळत राही, आणि शाळा सुटल्यावर वर्गांतील सोबती त्याच्याचबरोबर खेळावयास येत. म्हणजे रोग जेथल्या तेथेंच राहिला. गेली ती केवळ विद्या.

त्याच शहरांत लिलियन वॉल्ड नांवाची परिचारिका हेन्री स्ट्रीट येथें गरीब वस्तींत राहून सेवेचें काम करीत होती. तिच्या सूचनेवरून १९०२ सालच्या ऑक्टोबरांत लीना रॉजर्स या नर्सबाईस एका महिन्याच्या प्रयोगादाखल चार शाळांवर नेमण्यांत आलें. तिनें साध्या दुखण्यांवर शाळेंतच औषध लाविलें, घरोघर जाऊन आयांस औषध कसें लावावें तें दाखविलें, आणि मूल बरें होतांच त्यास वर्गांत परत आणून बसविलें. न्यूयॉर्कच्या शाळांतून १९०२ च्या सप्टेंबरांत रोगामुळें १०,५६७ मुलांस घरीं पाठवावें लागलें होतें. १९०३ च्या सप्टेंबरांत हा आंकडा १,१०१ वर आला. डॉक्टर चिठ्ठी देत होता, नर्स औषध देत होती; एवढाच काय तो फरक. 'तुझें हें दुखतें आहे' असें सांगणें निराळें आणि दुखणें बरें करणें निराळें, हा धडा तेव्हांपासून शाळेच्या आरोग्यसेवेचा पाया झाला.

आतां विम्याकडे वळूं. इ. स. १९६५ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं मिसुरी राज्यांतील इंडिपेंडन्स या गांवीं एका कायद्यावर सही केली. त्यानें दोन योजना निर्माण झाल्या: वृद्धांसाठीं 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठीं 'मेडिकेड'. मेडिकेडमध्यें नांव असलेल्या माणसाच्या औषधोपचाराचें बिल सरकार भरतें. हा खर्च मध्यवर्ती सरकार व घटक राज्य हीं दोघें वांटून घेतात. सधन राज्यासहि मध्यवर्ती सरकार निदान शेंकडा ५० देतें. राज्य जितकें गरीब तितका हा वांटा वाढतो, आणि कायद्यानें तो शेंकडा ८३ पर्यंत जाऊं शकतो. या योजनेचें वैशिष्ट्य असें, कीं मध्यवर्ती सरकार वर्षारंभीं एखादी ठराविक रक्कम देऊन हात झाडीत नाहीं. जितका खर्च होईल तितक्याचा आपला वांटा तें देतें. सांथ आली, बेकारी वाढली, नांवें वाढलीं, तर पैसाहि वाढतो.

मुलांच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट दोन वर्षांनीं घडली. १९६४ सालीं अमेरिकन सरकारच्या एका अहवालांत असें दाखविण्यांत आलें होतें, कीं लष्करी भरतीसाठीं तपासणी केली तर देशांतील एक-तृतीयांश तरुण प्रकृतीमुळें किंवा शिक्षणाच्या अभावामुळें नापास होतील. लहानपणीं सांपडलेलें व्यंग पुष्कळदां थोड्या खर्चांत सुधारतें. तेंच विसाव्या वर्षीं सांपडलें तर तोंपर्यंत आयुष्याची दिशाच बदललेली असते. म्हणून १९६७ सालीं मेडिकेडमध्यें असा नियम घालण्यांत आला, कीं योजनेंत असलेल्या २१ वर्षांखालील प्रत्येकाची वेळोवेळीं तपासणी व्हावी, दोष सांपडल्यास त्याचें निदान व्हावें, आणि निदान झाल्यावर उपचारहि व्हावा. लीना रॉजर्सबाईंनीं जें चार शाळांत करून दाखविलें, तेंच येथें कायद्याच्या भाषेंत उतरलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें १९९७ सालीं मेडिकेडच्या मर्यादेहून किंचित अधिक मिळकत असलेल्या घरांतील मुलांसाठीं आणखी एक विमायोजना निघाली. २०२५ सालच्या सुमारास या दोन्ही योजनांत मिळून सुमारें पावणेचार कोटी मुलें होतीं. म्हणजे त्या देशांतील जवळजवळ निम्मीं.

हा विमा शाळेंत शिरला कसा? याचें मूळ १९७५ सालच्या एका कायद्यांत आहे. त्या काळीं अमेरिकेंत सुमारें दहा लाख अपंग मुलें शाळेच्या दाराबाहेरच राहिलीं होतीं. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं सही केलेल्या या कायद्यानें ठरविलें, कीं अपंग मूल कितीहि परावलंबी असो, त्याला साजेल असें शिक्षण शाळेनें फुकट दिलेंच पाहिजे. आणि त्या शिक्षणास लागणारी मदत, मग ती बोलण्याची तालीम असो, हातापायांचा व्यायाम असो किंवा नर्सची शुश्रूषा असो, तीहि शाळेनेंच पुरविली पाहिजे. प्रत्येक अशा मुलासाठीं एक लेखी योजना तयार होते, आणि त्या योजनेंत लिहिलेलें शाळेस टाळतां येत नाहीं. या जादा खर्चापैकीं शेंकडा ४० पर्यंत भाग मध्यवर्ती सरकार उचलील असें तेव्हां ठरलें होतें. तें वचन आजतागायत पुरें झालें नाहीं; अलीकडे तर हा वांटा शेंकडा १५ च्याहि आंत राहिला आहे. बाकीचा बोजा राज्य सरकारांवर व गांवोगांवच्या स्कूल बोर्डांवर पडला.

तेव्हां १९८८ सालीं काँग्रेसनें वाट मोकळी करून दिली: अपंग मूल मेडिकेडमध्यें असेल, तर त्याच्या लेखी योजनेंतील वैद्यकीय उपचारांचा पैसा शाळेस मेडिकेडकडून मागतां येईल. १९७५ च्या कायद्यानें शाळेच्या डोक्यावर कर्तव्य ठेवलें होतें. १९८८ च्या कायद्यानें दुसऱ्या खात्याची थैली तिच्यापुढें थोडीशी उघडली. तरीहि जी सेवा शाळा सर्वच मुलांस फुकट देते तिचें बिल करतां येत नसे. डिसेंबर २०१४ मध्यें हाहि निर्बंध उठला, आणि राज्यानें तशी तजवीज केल्यास मेडिकेडमधील कोणत्याहि मुलास शाळेंत दिलेल्या उपचारांचें बिल करणें शक्य झालें. २०२२ सालच्या एका कायद्यानें तर शाळांतील या कामास उत्तेजन देण्यासाठीं राज्यांस ५ कोटी डॉलर देऊं केले.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो हें एका उदाहरणानें दाखवितों. समजा, आठ वर्षांचा एक मुलगा तोतरा आहे, आणि आठवड्यांतून दोनदां अर्धा-अर्धा तास त्याला बोलण्याची तालीम द्यावी असें त्याच्या योजनेंत लिहिलें आहे. शिकविणारी बाई नियमानें आपलें काम करते व त्याची नोंद ठेवते. पालकांनीं बिल करण्यास लेखी संमति दिलेली असावी लागते. त्या दिवशीं मुलाचें नांव मेडिकेडच्या यादींत असावें लागतें. कित्येक राज्यांत याशिवाय आणखी एक पद्धत आहे: कर्मचाऱ्यांस मधूनच, कोणत्याहि घटकेस, 'या मिनिटास आपण काय करीत आहां?' असा प्रश्न पाठविण्यांत येतो, आणि आलेल्या हजारों उत्तरांवरून शाळांचा किती वेळ आरोग्याच्या कामीं गेला याचें प्रमाण काढतात. हें सर्व जमलें म्हणजे पैसा मिळतो. तोहि सगळा नव्हे. पुष्कळ राज्यांत राज्याचा वांटा स्कूल बोर्डानें केलेल्या खर्चांतच धरला जातो, आणि शाळेकडे परत येतो तो केवळ मध्यवर्ती सरकारचा वांटा. शंभर डॉलरच्या कामापोटीं पन्नास-साठ डॉलर हातीं लागले म्हणजे शाळेनें समाधान मानावयाचें.

असे थेंब-थेंब जमून शाळांस मिळणारी रक्कम दरसाल सुमारें ७५० कोटी डॉलर होते, असा शाळाधिकाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. मेडिकेडच्या एकंदर खर्चाशीं ताडून पाहिलें तर शंभर डॉलरांत एक डॉलरहि नाहीं. जो हत्तीच्या पायाशीं मुंगीएवढा, तोच पैसा शाळेच्या दारीं मोठा होतो. कारण तो मुख्यत्वें पगारांत जातो. एका नर्सचा किंवा एका सल्लागाराचा पगार निघाला तर ती शाळेंत असते. न निघाला तर नसते. अर्धी नर्स ठेवतां येत नाहीं. फार तर एक नर्स चार शाळांत फिरविली जाते, आणि मुलाला दम्याची उबळ यावयाची ती नेमकी ती दुसऱ्या शाळेंत असतांना.

मेडिकेडवर कात्री पूर्वींहि चालली आहे. १९८१ च्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें राज्यांस द्यावयाच्या रकमेंतून पुढील तीन वर्षें अनुक्रमें शेंकडा ३, ४ आणि साडेचार असे कापून घेण्याचें ठरविलें होतें. परंतु सर्वांत मोठी कपात ४ जुलै २०२५ रोजीं सही झालेल्या कायद्यानें ठरली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प-कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणें तिच्यामुळें दहा वर्षांत मेडिकेडवरील मध्यवर्ती खर्च ९०,००० कोटी डॉलरांहून अधिक घटावयाचा आहे, आणि त्या सबंध कायद्यामुळें २०३४ पर्यंत विम्यावांचून राहणारांची संख्या सुमारें एक कोटीनें वाढावयाची आहे. या कायद्यांत शाळांच्या बिलांवर सरळ घाव घालणारें कलम नाहीं; मुलांचीं नांवें काढा असेंहि तो म्हणत नाहीं. मग शाळांचे चालक चिंतेंत कां पडले? कारण कपात सरळ दारानें न येतां तीन आडवाटांनीं शाळेंत येते.

पहिली वाट घरांतून जाते. कायद्यानें अशी अट घातली आहे, कीं २०१० च्या कायद्यान्वयें योजनेंत घेतलेल्या १९ ते ६४ वर्षांच्या माणसांनीं दरमहा ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा दाखला द्यावा. ही अट लागू करण्यास राज्यांस १ जानेवारी २०२७ ही मुदत घातली आहे. शिवाय त्यांची पात्रता दर सहा महिन्यांनीं तपासली जावयाची आहे. १३ वर्षें वा त्याहून कमी वयाचें मूल असलेल्या आईबापांस कामाच्या अटींतून सूट आहे. मूल चौदाव्या वर्षांत पदार्पण करून तें पुरें करी तों ही सूट संपते. आमच्या हायस्कुलांतील वरच्या वर्गांच्या मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं त्यांच्याच वयाच्या अमेरिकन मुलांच्या आईबापांवर ही अट येते. मुलाचा विमा त्या अटीवर अवलंबून नाहीं हें खरें. पण घरांतील मोठ्या माणसाचें नांव गेलें कीं कागदपत्रांचा धागाच तुटतो आणि मुलाचें नांवहि मागें राहत नाहीं, असा अनुभव आहे. २०२० च्या महामारींत कोणाचेंहि नांव काढूं नये असा नियम केला होता. तो ३१ मार्च २०२३ रोजीं संपला. त्यानंतर अडीच कोटींवर नांवें निघालीं, आणि त्यांपैकीं दहांत सुमारें सात नांवें माणूस अपात्र ठरल्यामुळें नव्हे, तर अर्ज वेळेवर आला नाहीं, पत्ता बदलला, कागद अपुरा पडला अशा कारणांनीं निघालीं. त्यांत लाखों मुलें होतीं. आतां पूर्वींच्या उदाहरणांतील तोतऱ्या मुलाचें नांव असें निघालें असें धरा. बाई त्याला पूर्वींप्रमाणेंच शिकवीत राहते, कारण १९७५ चा कायदा कायम आहे. बंद पडतें तें बिल.

दुसरी वाट राज्याच्या तिजोरींतून जाते. मेडिकेडमधील आपला वांटा उभा करण्यासाठीं पुष्कळ राज्यें इस्पितळांवर विशिष्ट कर बसवितात. नव्या कायद्यानें, ज्या राज्यांनीं २०१० च्या कायद्याप्रमाणें योजना वाढविली त्यांच्यापुरती या करांची मर्यादा शेंकडा ६ वरून पायरीपायरीनें २०३२ पर्यंत शेंकडा साडेतीनवर आणावयाची ठरविली आहे. मध्यवर्ती सरकारास कर्ज काढून तूट भरतां येते. राज्यांस मात्र जवळजवळ सर्वत्र जमाखर्च जुळवावाच लागतो. इकडे इस्पितळाचें बिल वाढलें तर तिकडे कांहींतरी कमी करणें भाग पडतें, आणि राज्याच्या खर्चांत वैद्यकाच्या जोडीला सर्वांत मोठी रक्कम असते ती शिक्षणाची. अशा रीतीनें, दवाखान्यासाठीं काढलेली कात्री शाळेच्या अनुदानावर चालते.

तिसरी वाट खुद्द शाळेच्या थैलींतून जाते, आणि आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. विम्याचा पैसा घटला तरी अपंग मुलाविषयींचें शाळेचें कर्तव्य तिळमात्र घटत नाहीं. तोतऱ्या मुलाची तालीम थांबविली तर आईबाप शाळेस न्यायासनापुढें नेऊं शकतात. म्हणून त्या तालमीचा पैसा बोर्डास दुसरीकडून आणावा लागतो. तो कोठून येणार? ज्या गोष्टींविषयीं कायद्याचें बंधन नाहीं त्यांतून. सर्व मुलांसाठीं असलेली नर्स, दुःखी मुलाचें ऐकून घेणारा सल्लागार, दांतांची तपासणी, ग्रंथपाल, गायन, व्यायाम, यांच्या मागें कायदा उभा नसतो. म्हणजे कपातीचा घाव ज्याला वचन दिलें आहे त्याच्यावर न पडतां, ज्याला कोणीं कांहींच वचन दिलेलें नाहीं त्याच्यावर पडतो. ज्या मुलाचें दुखणें अजून कोणाच्या लक्षांतच आलेलें नाहीं, ज्याची लेखी योजना झालेली नाहीं, जें मागच्या बांकावर निमूट बसलें आहे, त्या मुलास शाळेच्या नर्सची सर्वांत अधिक गरज असते. आणि नर्स जाते तेव्हां तक्रार करणारें त्याच्या बाजूचें कोणीच नसतें. इतकेंच नव्हे, तर ज्याच्या घरीं सुबत्ता आहे, ज्याचा मेडिकेडशीं कांहीं संबंध नाहीं, तें मूलहि तीच नर्स गमावतें.

कपातीचा पुरस्कार करणारांचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, देशावरील कर्ज वाढत आहे; धडधाकट माणसानें काम करावें व मग मदत घ्यावी; आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब काटेकोर असावा. यांत अजिबात तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. शाळांच्या बिलांतहि चुका व गैरलागू मागण्या असल्याचें सरकारी तपासणींत अनेक राज्यांत आढळून आलें आहे, आणि त्या सुधारणें अवश्य आहे. उलट बाजूनें असेंहि म्हणतां येईल, कीं शाळेच्या नर्सचा पगार मुळांत विम्याच्या बिलावर टांगून ठेवणें हीच व्यवस्था कच्ची आहे. हा आक्षेप आम्हांस बराच खरा वाटतो. विम्याची चर्चा चालते तेव्हां शाळेची आठवण कोणास होत नाहीं, आणि शाळेची चर्चा चालते तेव्हां विम्याचा संबंध कोणास दिसत नाहीं. दोन खात्यांच्या मध्यें ठेवलेली वस्तु कोणाच्याच डोळ्यांसमोर राहत नाहीं. परंतु व्यवस्था कच्ची आहे म्हणून तिचा आधार काढून घेणें आणि त्या जागीं दुसरा पक्का आधार देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली झाली आणि दुसरी झाली नाहीं, तर मधल्या काळांत मुलें मोठीं होऊन जातात. इयत्ता तिसरीचें वर्ष कोणासहि मागाहून परत देतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, एका नर्सनें वा एका चष्म्यानें असा काय फरक पडतो? बाल्टिमोर शहरांत २०१६ पासून शाळांतच मुलांचे डोळे तपासून तेथेंच चष्मे देण्याचा उपक्रम चालू झाला. त्याचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केला. तिसरी ते सातवीच्या मुलांत, चष्मा मिळाल्यावर पहिल्या वर्षीं वाचनांत, आणि खालच्या इयत्तांत गणितांतहि, प्रगति दिसून आली; आणि जीं मुलें परीक्षेंत सर्वांत मागें होतीं त्यांस अधिक लाभ झाला. ज्यांस आपण 'ढ' म्हणतों त्यांतील कितीतरी केवळ चष्म्यावांचून बसलेलीं असतात, याचा हा पुरावा समजावा. मोठ्या मापानें पाहिलें तरी तेंच दिसतें. अमेरिकेंत १९८० ते २००० च्या दरम्यान मुलांचा विमा वाढविण्यांत आला. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं त्या मुलांचा माग काढला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें, कीं त्यांच्यांत हायस्कूल व कॉलेज पुरें करणारांचें प्रमाण वाढलें. २०२० सालच्या दुसऱ्या अभ्यासाप्रमाणें तीं मोठेपणीं अधिक कर भरूं लागलीं, आणि सरकारनें त्यांच्या बालपणीं केलेल्या खर्चापैकीं निम्म्याहून अधिक रक्कम अशा रीतीनें परत येण्यासारखी होती. मुलावर केलेला खर्च बुडीत खातीं जात नाहीं. तो सावकाश फळणाऱ्या आंब्याच्या कलमासारखा असतो.

आतां आमच्या इकडे काय आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. हिंदुस्थानांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ सालीं बडोदें शहरांत झाली; तेव्हां तेथें सयाजीराव महाराज गायकवाड यांचें राज्य होतें. त्यानंतर पुष्कळ वर्षें हें काम फारसें पुढें सरकलें नाहीं. १९४६ सालीं भोर समितीनें स्पष्टच लिहिलें, कीं या देशांत शाळांची आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वांतच नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतील पालघर येथें 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू करण्यांत आला. त्यांत डॉक्टर, नर्स व औषधनिर्माता यांचें पथक गाडी घेऊन फिरतें, आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षांतून एकदां, तर अंगणवाडींतील बालकांची दोनदां तपासणी करण्याची योजना आहे. येथें शाळेस कोणाकडे बिल पाठवावें लागत नाहीं. खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानांतून होतो व तो केंद्र आणि महाराष्ट्र यांनीं साठास चाळीस या प्रमाणांत वांटून घ्यावयाचा आहे. व्यवस्था निराळी आहे, पण शिकवण निराळी नाहीं. पैसा विम्यांतून येवो वा अभियानांतून, तो कमी झाला तर प्रथम रिकामी पडते ती पथकांतील खुर्ची, आणि ती रिकामी पडल्याचें कळतें तें फार उशीरां.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं फळ्यावरचें नीट दिसत नसेल, बाईंचा शब्द अर्धवट ऐकूं येत असेल, छातींत घरघरत असेल किंवा मन सारखें उदास राहत असेल, तर तें लाजून लपवूं नये. शिक्षकांस सांगावें, घरीं सांगावें. शेजारच्या बांकावरचा सोबती पुस्तक डोळ्यांशीं नेऊन वाचतो असें दिसलें, तर त्याची थट्टा न करतां तें गुरुजींच्या कानांवर घालावें. पालकांस विनंति अशी, कीं तपासणीचें पथक येणार असेल त्या दिवशीं मुलाचा नागा होऊं देऊं नये. आणि पथकानें पुढील उपचारासाठीं चिठ्ठी दिली तर ती कपाटांत ठेवून न देतां मुलास घेऊन इस्पितळांत जावें. न्यूयॉर्कच्या शाळांत चिठ्ठ्या १८९७ पासूनच मिळत होत्या; मुलें वर्गांत परत आलीं तीं चिठ्ठीमागोमाग माणूस घरीं गेलें तेव्हां. पालकसभेंत शाळेच्या इमारतीविषयीं व परीक्षेच्या निकालाविषयीं आपण जसें विचारतों, तसेंच या वर्षीं किती मुलांचे डोळे तपासले, आणि ज्यांस चष्मा हवा होता त्यांपैकीं कितींस तो मिळाला, हेंहि विचारीत जावें. ज्या खर्चाविषयीं कोणी विचारीत नाहीं, त्यावरच कात्री प्रथम चालते.